गोळीतलं लॅक्टोज, कॅप्सूलचं जिलेटिन आणि चार दिवस न घेतलेलं औषध

जवसफूल:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

मी साडेतीन वर्षांपासून व्हीगन आहे, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासून आलेलं काहीच घेत नाही. कारण विचाराल तर एकच दृश्य. काटोलकडे आजोळी गेले होते. शेजारच्या गोठ्यात गायीचं वासरू जाऊन आठ दिवस झाले होते. दूध आटू नये म्हणून त्याच्याच कातड्यात कडबा भरून ते तिच्यापुढे टेकवून ठेवलं होतं. ती ते चाटत होती आणि चाटता चाटता पान्हा सोडत होती. पोटाची शिवण एका जागी उसवली होती, तिथून कडब्याची काडी बाहेर आली होती आणि ती नेमकी तिथंच पुन्हा पुन्हा जीभ फिरवत होती. त्या संध्याकाळी चहा घेतला नाही. दुधाचा चहा त्यानंतर कधीच घेतला नाही.

गेल्या महिन्यात थायरॉइड निघालं. रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारा आकडा) १४. डॉक्टरांनी थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. ड जीवनसत्त्वही फार कमी निघालं म्हणून आठवड्याला एक कॅप्सूल. स्ट्रिपवर गोळीच्या भरावाबद्दल, म्हणजे औषधाशिवाय तिच्यात काय घातलंय याबद्दल, काहीच नव्हतं, म्हणून कंपनीला मेल टाकला. उत्तर आलं: लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर आहे. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. त्याच रात्री पुढचंही वाचलं, की बाजारात आलेलं जवळपास प्रत्येक औषध आधी उंदीर, ससे, कुत्रे, माकडं यांच्यावर तपासलेलं असतं. मग लॅक्टोज नसलेली गोळी शोधून तरी मी काय मिळवणार?

चार दिवस गोळी घेतलेली नाही. घरी कुणाला सांगितलं नाही, इथे सांगतेय. या वाटेनं कुणी गेलंय का? काय ठरवलंत?

तर्रीपोहे:
अरे बाप्पा! ताई, पयले गोळी घ्या, मंग बाकीचं बोलू. माह्या मायले थायरॉइड हाय. मागे गोळी सुटली तं चेहरा सुजला अन् बोलनं बी जड झालं होतं. सकाळी उपाशीपोटी घ्याची अन् अर्धा तास चहा नाही. काळ्या चहालेही तोच नियम बरं का :)

काटेसावर:
मी अकरा वर्षं व्हीगन आहे, त्यामुळे स्पष्ट लिहितो. आपण दुधाला नाही म्हणतो कारण गायीनं संमती दिलेली नसते. पिंजऱ्यातल्या सशानंही दिलेली नसते. मग दुधाच्या वेळी तत्त्व आणि औषधाच्या वेळी नाइलाज, हे मला पटत नाही. मी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही. ज्याचा त्याचा निर्णय हे मान्य, पण त्याला व्हीगन म्हणू नये एवढंच म्हणणं.

शंकासुर:
काटेसावर, तुमची तब्येत ठणठणीत आहे याचा आनंद आहे. पण डोकेदुखीची गोळी न घेणं आणि थायरॉक्सिन न घेणं या दोन गोष्टी एका तराजूत कशा? डोकं दुखायचं उद्या आपोआप थांबतं. थायरॉइड नाही थांबत.

आणि नियम लावायचाच तर शेवटपर्यंत लावा. तुम्ही जी संत्री खाता त्या बागेत फवारलेलं औषधही प्राण्यांवर तपासलेलं असतं.

बर्डीचा_औषधवाला:
नागपूरला सीताबर्डीत माझं औषधांचं दुकान आहे, पंचवीस वर्षं होत आली. जवसफूलताई, आधी कामाचं.

तुमच्या गोळीतलं थायरॉक्सिन कारखान्यात रसायनांपासून तयार होतं, त्यात प्राणी नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण सुरुवात तशी नव्हती. १८९१ साली जॉर्ज मरे नावाच्या इंग्रज डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क एका बाईला टोचला. तिचा आजार फार वाढलेला होता, पण त्यानंतर ती आणखी अठ्ठावीस वर्षं जगली. पुढे कितीतरी वर्षं कापलेल्या डुकरांच्या ग्रंथी वाळवून त्यांच्या गोळ्या केल्या जात. १९२७ मध्ये थायरॉक्सिन प्रयोगशाळेत बनवता आलं, म्हणून आज ते मेंढीशिवाय मिळतं.

लॅक्टोजऐवजी मॅनिटॉलचा भराव असलेल्या गोळ्याही निघतात. शोधता येतील. मात्र कंपनी बदलली तर डॉक्टरांना सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करा. या औषधात थोडा फरकही अंगावर येतो.

ड जीवनसत्त्वाचं म्हणाल तर कॅप्सूल सोडून पुडी घेतलीत तरी आतलं डी-३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीवरच्या मेणचट तेलापासून केलेलं असतं. दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून केलेलं डी-३ आता मिळतं. महाग आहे, पण मिळतं.

आता काटेसावर यांच्यासाठी. बी.फार्म.ला असताना, १९९४ ची गोष्ट, आम्हाला बेडकावर प्रयोग असायचा. मानेमागून सुई घालून त्याचा मेंदू निकामी करायचा. पोटाचा स्नायू कापून काचेच्या नळीत, खारट पाण्यात टांगायचा. स्नायूला दोरा, दोऱ्याला लेखणी, लेखणीपुढे काजळी धरलेला कागद गुंडाळलेला ड्रम. ॲसिटिलकोलीनचे थेंब टाकले की स्नायू आखडायचा आणि काजळीवर पांढरी रेघ वर चढायची. मग त्या कागदावर लाखेचं द्रावण फिरवून वाळवायचा आणि जर्नलात चिकटवायचा. ती रेघ कशी येणार हे आमच्या सरांना ठाऊक होतं, पुस्तकात छापलेली होती, आधीच्या कितीतरी बॅचनी काढलेली होती. माझ्या हातून त्या वर्षी सात बेडूक गेले. एकाचाही कुणाला उपयोग झाला नाही.

आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच लिहिलेलं आहे, की पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी काम भागत असेल तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. चौतीस वर्षं कायदा होता आणि आम्ही बेडूक मारत होतो. आता हेच प्रयोग संगणकावर शिकवले जातात. माझा राग तिथे आहे. तुमच्या गोळीवर नाही.

तर्रीपोहे:
काका, सात बेडूक वाचून हातातला घास थांबला.

पाटवडी:
जवसफूल, तुमचं नाव वाचून आजीची आठवण झाली. आमच्याकडे सावजी रस्सा जवसाच्याच तेलात होतो. पाटवडी बेसनाची, रस्सा सुक्या खोबऱ्याचा आणि खसखशीचा. म्हणजे आमची आजी न कळताच व्हीगन होती, फक्त शेवटी जेवताना वाटीभर दही घ्यायची.

तर्रीपोहे:
पाटवडीताई, रस्स्याचा येगळा धागा काढा. इथं निस्तं वाचून भूक लागते.

उमरेड_रोड:
अवांतर थांबवतो, माफ करा. मी उमरेडच्या पुढे ग्रामीण भागात डॉक्टर आहे. पावसाळा सुरू झाला की माझ्याकडे साप चावलेले लोक येतात. शेतात निंदण करणाऱ्या बाया, रात्री जमिनीवर झोपलेली मुलं. आपल्या देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावतात असा अंदाज आहे, आणि त्यात शहरातलं माणूस क्वचित असतं.

सापाच्या विषावरची लस (प्रतिविष) कशी होते ते सांगतो, कारण बहुतेकांना ठाऊक नसतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष अगदी थोड्या थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. मग त्याचं रक्त काढतात, प्लाझ्मा वेगळा करतात, त्यातून औषध. ते किती जोरकस आहे हे ठरवायला परत उंदरांना विष आणि औषध देऊन बघतात. म्हणजे घोडा, उंदीर आणि ज्यांचं विष काढलं ते साप, असे तीन जीव एका कुपीमागे. आणि पहिल्याच वेळी आठ ते दहा कुप्या लावाव्या लागतात.

मागच्या श्रावणात मण्यार चावलेली एक मुलगी आली. नऊ वर्षांची. अंगावर चाव्याची खूणसुद्धा दिसत नव्हती, फक्त पोट दुखतंय म्हणत होती आणि पापण्या वर राहत नव्हत्या. मी तिला "वर बघ" म्हणायचो, ती कपाळाला आठ्या घालून भुवया उचलायची, पण पापण्या खालीच. कुप्या लावल्या, नागपूरला हलवेपर्यंत रस्ताभर फुग्यानं श्वास दिला. तिसऱ्या दिवशी तिच्या बापानं फोन करून सांगितलं की डोळे उघडले.

काटेसावर, त्या गाडीत तुम्ही असता तर काय केलं असतं, हे मला खरंच ऐकायचं आहे. भांडायला विचारत नाही.

काटेसावर:
डॉक्टरसाहेब, दुसऱ्याच्या लेकराला लस नाकारण्याचा मला हक्क नाही. मीही फुगा दाबत बसलो असतो. पण घोड्याचं दुःख त्यामुळे कमी होत नाही आणि ते कुणीतरी बोलत राहिलं पाहिजे, एवढा माझा हट्ट आहे.

उमरेड_रोड:
हा हट्ट सोडू नका. घोड्याशिवाय, प्रयोगशाळेत प्रतिपिंडं बनवण्याचं काम जगात सुरू आहे. ते लवकर व्हावं असं मला तुमच्याइतकंच वाटतं, कारण घोड्याच्या प्रथिनामुळे माझ्या रुग्णांना रिॲक्शनही येते. लस लावताना ॲड्रिनलिन भरून हाताशी ठेवावं लागतं.

रक्तचंद्रिका:
मी फारशी लिहीत नाही. माझा मुलगा सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, बारा वर्षांचा. विदर्भात ज्यांच्या घरी हे आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हायड्रॉक्सीयुरिया सुरू झाल्यापासून कळा कमी झाल्या. त्याआधी महिन्यातून एकदा तरी रात्री उठून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पळावं लागायचं. त्याची हाडं दुखायची तेव्हा त्याला चादरसुद्धा सहन व्हायची नाही.

नातेवाइकांतल्या एका मुलीनं मला तोंडावर सांगितलं, "काकू, त्या गोळीसाठी किती उंदीर मेले असतील." त्या रात्री मी खूप रडले. त्या उंदरांचं वाईट मला वाटत नाही असं थोडंच आहे? पण आजारी माणसाच्या आईला हे ऐकवू नका. जवसफूल, तुम्हालाही कुणी असं म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका.

जवसफूल:
रक्तचंद्रिका, तुमची पोस्ट तीनदा वाचली. माझा आजार तुमच्या मुलापुढे काहीच नाही. आज सकाळी गोळी घेतली.

शंकासुर:
बरं केलंत.

सेवाग्राम_एक्स्प्रेस:
वर्ध्याहून. ही अडचण आपल्या शेजारच्या म्हाताऱ्यालाही पडली होती. गांधीजींनी दूध सोडलं त्यामागे एक कारण होतं फुक्याचं, म्हणजे गायी-म्हशींकडून शेवटचा थेंब काढण्यासाठी होणाऱ्या क्रूर प्रकाराचं. १९१८ मध्ये आमांशानं ते पार खचले. डॉक्टर म्हणाले, दूध घेतल्याशिवाय शरीर उभं राहणार नाही. ते तयार होईनात. तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की प्रतिज्ञा करताना डोळ्यापुढे गाय-म्हैस होती, बकरी नव्हती. त्यांनी बकरीचं दूध घेतलं.

पण पुढचं महत्त्वाचं. त्यांनी ही पळवाट जिंकल्यासारखी मिरवली नाही. प्रतिज्ञेचा शब्द राखला पण आत्मा मोडला, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आणि ते शल्य आयुष्यभर बाळगलं. मला ते फार मोठं वाटतं. घेतलं, आणि घेतलं हे लपवलं नाही.

काटेसावर:
ही पोस्ट आवडली. माझा विरोध याच गोष्टीला आहे, की लोक घेतात आणि वर "त्यात काय एवढं" म्हणतात.

ऋद्धिपूरकर:
दंडवत प्रणाम. आमच्या महानुभाव पंथात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहे. शिकारी मागे लागलेला ससा पळत पळत चक्रधर स्वामींच्या मांडीखाली शिरला. शिकारी म्हणाले, आमचा ससा द्या. स्वामींनी तो दिला नाही आणि शिकाऱ्यांना समजावून माघारी पाठवलं. आमच्या घरी ढेकूणसुद्धा मारत नसत.

त्यामुळे सशांवर औषधं तपासतात हे कळलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. कोणी सांगेल का, सशाचंच काय काम असतं?

बर्डीचा_औषधवाला:
सांगतो. शिरेतून द्यायच्या औषधात किंवा सलाइनमध्ये जिवाणूंचे अवशेष राहिले तर रुग्णाला थंडी वाजून ताप भरतो. ते तपासायला सशाच्या कानाच्या शिरेत औषध टोचायचं आणि पुढे तीन तास त्याचं तापमान मोजत राहायचं. तेवढा वेळ ससा चौकटीत मान अडकवून ठेवलेला असतो.

मग दुसरी चाचणी आली, घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या समुद्री खेकड्याच्या निळ्या रक्ताची. हे खेकडे आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर आहेत. ससा सुटला आणि खेकडा अडकला. आता त्या रक्तातलं कामाचं प्रथिन खेकड्याशिवाय बनवता येतं, आणि माणसाच्या रक्तपेशी वापरूनही चाचणी होते. आपल्या भारतीय औषधकोशानं २०१८ च्या आवृत्तीत सशाच्या चाचणीऐवजी अशा चाचण्यांना वाट करून दिली. हे कुणा एकाच्या पुण्याईनं झालेलं नाही. लोक वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले, शास्त्रज्ञांनी नवी चाचणी जुनीइतकीच भरवशाची आहे हे दाखवून दिलं, तेव्हा झालं.

शंकासुर:
मुळात प्राण्यांवर तपासून माणसाला किती कळतं हाही प्रश्न आहेच. २००६ मध्ये लंडनला एका नव्या औषधाची पहिली चाचणी सहा निरोगी तरुणांवर झाली. माकडांना त्याहून कितीतरी मोठा डोस सोसला होता. सहाही जण काही तासांत अतिदक्षता विभागात.

उमरेड_रोड:
खरं आहे, पण दुसरी बाजूही बघा. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फाचं एक पातळ औषध कुठल्याही प्राण्यावर न तपासता बाजारात आणलं. ते ज्यात विरघळवलं होतं ते द्रव विषारी होतं. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं पुष्कळ. औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवण्याची सक्ती तिथे १९३८ मध्ये आली ती त्यानंतर. उंदीर सगळं सांगत नाही. काही गोष्टी मात्र सांगतो.

गोठ्यातला_डॉक्टर:
मी जनावरांचा डॉक्टर, शिक्षण नागपूरला सेमिनरी हिल्सच्या कॉलेजात. एक बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहितो. जनावरांची औषधंही जनावरांवरच तपासावी लागतात.

आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. नव्वदच्या दशकात ती संपत गेली, का ते कळेना. २००४ मध्ये उलगडा झाला: आम्ही डॉक्टर लंगड्या बैलाला, दुखऱ्या गायीला डायक्लोफिनॅक टोचत होतो. ते जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाच्या किडन्या निकामी. मी स्वतः किती सुया दिल्या असतील त्याचा हिशेब नाही. चांगल्यासाठीच देत होतो. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

पण बैलाचं दुखणं तर राहिलंच. मग मेलॉक्सिकॅम हे दुसरं औषध गिधाडांना सुरक्षित आहे का, हे कसं ठरवलं? गिधाडांनाच देऊन. आधी थोड्या पक्ष्यांना, सांभाळून, मग जास्तींना. ती चाचणी झाली म्हणून आज मी निर्धास्तपणे मेलॉक्सिकॅम देतो. डायक्लोफिनॅक बाजारात येण्याआधी कुणी गिधाडाचा विचार केला असता तर आभाळ रिकामं झालं नसतं.

काटेसावर, याचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर सांगा.

काटेसावर:
नाही सापडलं. दोन दिवस विचार करतोय.

रक्तचंद्रिका:
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? व्हीगन या शब्दाची व्याख्या तरी नेमकी काय आहे?

जवसफूल:
मीच लिहिते, आता डोकं जरा जागेवर आलंय.

१९४४ मध्ये इंग्लंडात व्हीगन सोसायटी सुरू झाली. तिच्या आजच्या व्याख्येत प्राण्यांचं शोषण आणि क्रूरता "शक्य आणि व्यवहार्य असेल तितकी" टाळावी असं म्हटलं आहे. आधी मला हे शब्द पळवाट वाटायचे. या धाग्यानंतर वाटत नाहीत, कारण "शक्य" काय आहे ते बदलत गेलेलं तुम्ही सगळ्यांनी दाखवलंत. थायरॉक्सिनसाठी १८९१ ला मेंढी लागत होती. इन्सुलिन डुकरा-गायींच्या स्वादुपिंडातून काढावं लागायचं, १९८२ पासून जिवाणूंकडून बनवलेलं मिळायला लागलं. सौंदर्यप्रसाधनं प्राण्यांवर तपासायला आपल्याकडे २०१४ मध्ये बंदी आली. मार्च २०२३ मध्ये आपल्या नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि प्राण्यांऐवजी मानवी पेशी, चिपवर वाढवलेले अवयव, संगणकीय पद्धती वापरायला जागा झाली. मात्र ती परवानगी आहे, सक्ती नाही. प्रयोगशाळेनं उंदीरच वापरायचा ठरवला तर तिला कुणी अडवत नाही.

मी गोळी न घेतल्यानं त्या प्रयोगशाळेतला एकही पिंजरा उघडणार नव्हता. ती चाचणी केव्हाच होऊन गेली आहे. मी सुस्तावून घरी पडले असते, दुपारी तीनला डोळे मिटत होते ते आणखी लवकर मिटले असते, आणि बदलासाठी अर्ज-विनंतीचा उद्योग करायलाही उरले नसते. लॅक्टोजचं वेगळं आहे. लॅक्टोज आजही रोज त्या गोठ्यांतून येतं, आणि ते न घालताही गोळी बनते. तिथे माझा नकार पोचतो. म्हणून तिथे मी नकार देणार.

काटेसावर, तुम्ही मला व्हीगन म्हणाल की नाही, माहीत नाही. मला त्या गायीसमोर उभं राहता आलं पाहिजे, एवढंच मी बघते.

काटेसावर:
म्हणेन.

तर्रीपोहे:
काटेसावरभाऊ, तुमच्यासाठी माह्याकडून तर्री पोहे. चना, तर्री, कांदा, लिंबू, दुधाचा थेंब नाही.

बर्डीचा_औषधवाला:
जवसफूलताई, दोन वितरकांकडे विचारलं. मॅनिटॉलवाली गोळी एकाकडे आहे, ५० चीच. पुढच्या आठवड्यात येईल. डॉक्टरांना विचारून घ्या, मग सांगा.

शंकासुर:
धागा वर काढतोय. सहा आठवडे होऊन गेले. टीएसएच किती आलं?

जवसफूल:
४.८. नव्या गोळीवर. डॉक्टरांनी डोस तोच ठेवलाय. दगडफुलाचं डी-३ ही मिळालं, महिन्याला खिशाला लागतं पण घेतेय. औषधाच्या स्ट्रिपवर भरावाचे सगळे घटक छापावेत असा अर्ज लिहायला घेतलाय. काकांनी मसुदा तपासलाय, पुढच्या पानावर टाकते. उमरेडचे डॉक्टर आणि गोठ्यातले डॉक्टर, तुम्हा दोघांच्या दुरुस्त्या हव्यात.

आणि काटोलला जाऊन आले. शेजाऱ्यांची ती गाय आता भाकड आहे. विकली नाहीये अजून. मामाशी बोलतेय.